आधी माणसे, मग गाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वर्धापनदिनी कोणी पाककृती सांगते, कोणी भरतकामाचे नमुने दाखवते. यंदा चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले. मी विचारले, "विषय कोणता?" त्या म्हणाल्या, "तुम्हांला जे ठाऊक आहे तेच सांगा." मी सातवी शिकलेली. स्वयंपाक तुम्हां सर्वांना माझ्याहून बरा येतो. तेव्हा मी गाडीवर बोलायचे ठरवले. विषय ऐकून दोघी-तिघी हसल्या. त्यांनी हसावे, पण शेवटपर्यंत ऐकावे एवढीच विनंती.

मी स्वतः गाडी चालवत नाही. पण आमच्या धाकट्या भाऊजींचे गाड्या दुरुस्तीचे गॅरेज घराच्या खालच्या अंगालाच आहे. वीस वर्षे तिथे दोन वेळचा चहा नेऊन देते आहे. चहा देताना कानावर पडते, डोळ्यांना दिसते, आणि कळले नाही तर विचारायची मला सवय आहे. शिवाय आमच्या घरच्या गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारची जागा माझी. त्या जागेवर बसून मला एक गोष्ट कळली. गाडी चालवणारा एक असतो आणि बसणारी चार माणसे असतात. अडचण आली की त्या एकट्याचे हात आणि डोळे गुंतलेले असतात. उरलेल्या चौघांना काही ठाऊक नसले तर ती नुसती घाबरतात, आणि त्यांच्या ओरडण्याने चालवणाराही घाबरतो. म्हणून गाडी चालवता येवो न येवो, गाडीतले चार खटके प्रत्येकीला ठाऊक हवेत. घरातला गॅस बंद करायला आपण कोणाची वाट पाहत बसतो का?

हे पुरुषांचे काम, असे कोणी म्हणाले तर तिला बर्था बेन्झबाईंची गोष्ट सांगा. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली पेट्रोलवर चालणाऱ्या आपल्या मोटारीचे पेटंट मिळवले. पण लोक ती गाडी घेईनात. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, पहाटे गाडी काढून माहेरी निघाल्या. मॅनहाइम ते फोर्झहाइम, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. तेव्हा वाटेत पेट्रोलपंप नव्हते. इंधन संपले तेव्हा त्यांनी औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. उघडी पडलेली तार मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळली. उतारावर ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास, आणि वाटेवरची पहिली दुरुस्ती, एका घरच्या बाईने केली आहे. आपल्याला तर नुसते खटके ओळखायचे आहेत.

तर पहिले सांगणे असे. एखाद्या दुपारी गाडी दारात उभी असताना आत जाऊन बसा आणि एकेक वस्तू हाताने दाबून पाहा. समोर मधोमध लाल त्रिकोण काढलेले एक बटण असते. ते दाबले की चारही कोपऱ्यांचे पिवळे दिवे एकदम उघडझाप करू लागतात. "माझी गाडी थांबली आहे, जपून या" असा त्याचा अर्थ. हे बटण उभ्या गाडीसाठी आहे. पुष्कळ लोक पावसात किंवा बोगद्यात चालत्या गाडीला ते लावतात. तसे केले की हा वळणार आहे की सरळ जाणार हे मागच्याला कळत नाही. पावसात आणि धुक्यात खाली पडणारा साधा हेडलाइट लावावा; वर जाणारा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

दुसरे म्हणजे हँडब्रेक कुठे आहे आणि तो कसा ओढतात हे पाहून ठेवा. नव्या काही गाड्यांत दांडा नसतो, नुसता छोटा खटका असतो. तिसरे, मागच्या दाराच्या कडेला एक बारीकशी कळ असते. ती फिरवली की दार आतून उघडत नाही. लहान मुले दार उघडू नयेत म्हणून ही सोय आहे. ती चांगलीच आहे, पण ती लावली आहे की नाही हे मोठ्या माणसांना ठाऊक हवे. अडचणीच्या वेळी मागे बसलेली आजी आतून दार ओढत राहते आणि दार उघडत नाही. चौथे, बटणाच्या किल्लीतला सेल संपला तर पुष्कळ किल्ल्यांच्या पोटात लोखंडी किल्ली लपवलेली असते. तुमच्या किल्लीत आहे का, ते आजच उघडून पाहा.

आता पट्ट्याविषयी. पुढच्या दोघांनी पट्टा लावायचा आणि मागच्यांनी मोकळे बसायचे अशी आपल्याकडे समजूत आहे. कायदा मागच्यांनाही लागू आहे, पण दंडाचे सोडा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले गृहस्थ वारले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले पतिपत्नी जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, पिशव्या फुगायची सोय होती. पण माणूस जागेवर असेल तरच ती फुगणारी पिशवी कामाची. गाडी थांबते, माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जातो आणि पुढच्या माणसावर आदळतो. म्हणून लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसू नका. धक्का बसला की आईच्या हातांत तेवढे बळ राहत नाही, आणि ती पिशवी मुलाच्या तोंडावरच फुटते. मूल मागे, त्याच्या मापाच्या आसनात, पट्ट्यात.

यानंतर घाट. आपल्याला कोकणात उतरायचे म्हणजे कुंभार्ली आणि पाचगणीहून वाईला यायचे म्हणजे पसरणी, तेव्हा हे आपल्या रोजच्या उपयोगाचे आहे. भाऊजी नेहमी सांगतात, "वहिनी, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा." गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला आवरून धरते. पेट्रोल वाचवायला कोणी गिअर काढून किंवा इंजिन बंद करून उतार उतरतात. तसे केले की सारा भार ब्रेकवर येतो, इंजिन बंद असेल तर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, आणि किल्ली काढली तर स्टेअरिंगही अडकते. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. त्याची खूण नाकाला कळते. करपल्यासारखा, जळक्या रबरासारखा वास येतो. हा वास आपल्याला चालवणाऱ्याच्या आधी येतो, कारण करपल्याचा वास ओळखण्यात आपला हात कोण धरील?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही चिपळूणला लग्नाला निघालो होतो. अर्धा घाट उतरल्यावर मला तो वास आला. मी आमच्या ह्यांना म्हटले, "पुढं रुंद जागा दिसली की थांबवा." हे म्हणाले, "पुढच्या ट्रकचा असेल वास." मी म्हटले, "ट्रकचा असला तर दहा मिनिटं विश्रांती झाली, आपला असला तर जीव वाचला." यांनी ऐकले. थांबून पाहिले तर पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. अर्धा तास तिथेच बसलो, बरोबरचे लाडू खाल्ले, चाके निवू दिली. त्यांवर पाणी ओतू नये. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले की ते वाकते किंवा तडकते. नंतर दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश खाली उतरलो. लग्न मिळाले आणि जेवणही मिळाले.

घाटात थांबताना गाडी डोंगराच्या अंगाला घ्यावी. हँडब्रेक ओढावा, गाडीचे तोंड चढाला असेल तर पहिला गिअर आणि उताराला असेल तर रिव्हर्स टाकून इंजिन बंद करावे, चाकाला दगड लावावा. आणि निघताना तो दगड आठवणीने उचलून कडेला टाकावा. आपण पुढे जातो आणि दगड रस्त्यात राहतो. रात्री त्याच दगडावर कोणाचा तरी मुलगा मोटारसायकलवरून आदळतो. हे पाप आपल्या माथी नको.

आता मुख्य गोष्ट सांगते. गाडी मोठ्या रस्त्यात बंद पडली तर काय करायचे? क्रम पाठ करा. गाडी कडेला, दिवे चालू, माणसे बाहेर, मग त्रिकोण, मग फोन, आणि सर्वांत शेवटी गाडीची दुरुस्ती. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. पुरुषमाणसे बॉनेट उघडून पाहत बसतात आणि बायकामुले आत बसून वाट पाहतात. ताशी ऐंशी किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर येते. चालवणाऱ्याने मोबाइलकडे नुसती नजर टाकली तरी तो शंभर-सव्वाशे हात पुढे आलेला असतो. अशा वेळी रस्त्यात उभी असलेली गाडी हा आडोसा नाही, हे ध्यानात ठेवा.

उतरायचे ते डाव्या दाराने, वाहनांच्या बाजूने नाही. मुलांचा हात मनगटाशी धरावा. लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे जावे. गाडीच्या पुढे उभे राहू नये. मागून धक्का बसला तर गाडी पुढेच ढकलली जाते. वाहने ज्या दिशेने येतात त्या बाजूला, गाडीपासून लांब, कठड्याच्या आड थांबावे. डिकीत लाल चमकणारा त्रिकोण असतो. तो अंगासमोर धरून, समोरून येणाऱ्यांना दिसेल असा नेत, मागे निदान शंभर पावलांवर ठेवावा. मोठ्या रस्त्यावर दीडशे पावले. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे वळण घेण्याआधीच येणाऱ्याला तो दिसेल. मात्र रहदारी फार वेगाची असेल आणि चालायला कडेला जागा नसेल, तर त्रिकोणासाठी जीव घालवू नये.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून परत येत होतो. रात्रीचे नऊ वाजले होते, बारीक पाऊस होता. मागचे चाक बसले. गाडी कडेच्या पट्टीत घेतली, दिवे लावले, ह्यांनी त्रिकोण ठेवला. जाऊबाई आणि दोन मुले उतरली. सासूबाई म्हणाल्या, "माझे गुडघे धरलेत गं, मी बसते आत. तुम्ही चाक बदला." मी म्हटले, "आई, चाक राहू द्या. आधी तुम्ही चला." त्या रागावल्या. पावसात म्हातारीला बाहेर काढते म्हणून दोन शब्द बोलल्याही. पण ह्यांनी एका बाजूने आणि मी एका बाजूने धरून त्यांना कठड्यापलीकडे नेले, सतरंजी घातली, डोक्यावर छत्री धरली. पाव तास झाला असेल. एक टेम्पो आला तो त्रिकोण चिरडून गाडीचा मागचा उजवा कोपरा घासून गेला आणि पुढे जाऊन थांबला. चालवणाऱ्याला डुलकी लागली होती. मागची काच फुटली आणि सगळ्या काचा सासूबाईंच्या जागेवर पडल्या. आम्हां कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला जवळ घेऊन म्हणाल्या, "गाडी काय, पुन्हा रंगवता येईल." तेव्हापासून आमच्या घरात चाक बसले की प्रथम त्याच उतरतात.

फोन कोणाला करायचा? कोणत्याही संकटात ११२. जखमी असेल तर १०८ ची रुग्णवाहिका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. "आम्ही इथंच आहोत, मोठ्या झाडाजवळ" असे सांगून उपयोग नाही. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड वाचून सांगावा. त्याचा माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग. प्रवासात खिडकीतून दगड वाचायचा खेळ मुलांना लावून द्या. मुले गप्प बसतात आणि वेळेला पत्ता सांगता येतो.

चाक बदलायचे ते सपाट, कडक जमिनीवर आणि गाडी रिकामी करून. चाक जमिनीवर असतानाच नट पान्याने थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. चाक हवेत असले की ते फिरते आणि नट निघत नाहीत. गाडीखाली हात-डोके घालू नये. नवे चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळत जावे. आणि रहदारीच्या बाजूचे चाक असेल तर मोठ्या रस्त्यावर ते बदलूच नये, मदत बोलवावी. चालत्या गाडीचे टायर फुटले तर ब्रेक एकदम दाबू नये. स्टेअरिंग घट्ट धरून पाय वर घ्यावा आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी. शेजारणीचे काम एवढेच, की किंचाळू नये आणि चालवणाऱ्याचा हात धरू नये.

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापते. तापाचा काटा लाल खुणेकडे गेला की एसी बंद करून, कडेला घेऊन इंजिन बंद करावे. बॉनेटमधून वाफ येत असेल तर उघडू नये. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरचे झाकण समजा. वाफ कोंडलेली असताना कुकर उघडला तर काय होते हे तुम्हांला मी सांगायला नको. इंजिन हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. धुराबरोबर ज्वाळा दिसली तर मात्र सामान, पर्स काही न घेता सर्वांनी शंभर पावले दूर जावे आणि मगच फोन करावा.

पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर "गुडघाभर तर आहे" असे म्हणू नका. फूटभर वाहते पाणीही लहान गाडीला उचलू शकते, आणि पाण्याखाली रस्ता राहिला आहे की नाही हे वरून दिसत नाही. वाटेत एक रात्र कोणाच्या ओसरीवर काढावी लागली तरी चालेल. आणखी एक. बंद गाडीत लहान मुलाला "दोन मिनिटं बस, आलेच" म्हणून ठेवून जाऊ नका. उन्हात बंद गाडी बघता बघता भट्टीसारखी होते. तसेच बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही.

शेवटी दुसऱ्याच्या अपघाताविषयी. रस्त्यात जखमी दिसला की आपण म्हणतो, "नको बाई, पोलिसांचं लचांड मागं लागेल." सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याच्या रक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत ते कलमच आले. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. पहिला तास मोलाचा असतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी, ती नसेल तर ओढणी किंवा पदर, जखमेवर घट्ट दाबून धरावा. आग किंवा पाणी यांचे भय नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नये. मान किंवा पाठ मोडली असेल तर ओढाताणीने जन्माचे अपंगत्व येते. आणि पाणी किंवा चहा पाजू नये. आपल्या हातून हेच आधी घडते, कारण तहानेल्याला पाणी देणे आपल्या हाडामाशी भिनलेले आहे. पण बेशुद्ध होत असलेल्याच्या श्वासनळीत ते पाणी जाते. हात धरून बसावे, नाव विचारावे, "येतायत हं, मदत येतेय" म्हणत राहावे.

गाडीत काय ठेवावे तेही सांगते. त्रिकोण, टॉर्च, पाण्याच्या दोन बाटल्या, जुने स्वच्छ कापड, मलमपट्टीची पेटी, सतरंजी, छत्री, थोडे शेंगदाणे-गूळ आणि घरच्यांची नावे व फोन लिहिलेला कागद, कारण मोबाइल नेमका त्याच वेळी संपतो. स्टेपनीत हवा आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहायला लावा.

माझी मंडळाला एक सूचना आहे. पुढच्या महिन्यात एका रविवारी आमच्या भाऊजींच्या गॅरेजच्या अंगणात दहा-दहा जणींनी यावे. भाऊजी उभ्या गाडीवर सर्व दाखवतील. मी त्यांना विचारूनच सांगते आहे. प्रत्येकीने लाल बटण दाबून पाहावे, एक नट सैल करून पाहावा, त्रिकोण उघडून शंभर पावले मोजावीत. आणि यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डबीऐवजी ते तीन नंबर आणि हा क्रम छापलेले कार्ड लुटावे, असे मला वाटते. ते गाडीच्या काचेला लावता येईल. खर्च डबीपेक्षा कमीच येईल.

तुम्हां सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.